वाटेतला हमाल

हल्लीच्या स्कूटरींना आवाज नसतो. फाटकाशी स्टँड पडल्याचा तेवढा खट्‌कन आवाज येतो. तो आला की पद्मजाला बरं वाटायचं आणि मागोमाग थकल्यासारखं व्हायचं. दिवेलागण होऊन थोडा वेळ गेला की देवेंद्र यायचा. तिचा धाकटा दीर सत्तरीला टेकलेला होता, पण पायरीशी चपला काढताना शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा आत डोकवायचा.

"वैनी, आण्णा जागा आहे का?"

"जागे आहेत. या भाऊजी."

आत वेताच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला असायचा. भूपाल मगदूम. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यानं चाळीस वर्षं हळदीचे सौदे पुकारले होते. लिलावात त्याची जीभ अशी चालायची की ऐकणाऱ्याला शब्द सुटे करता यायचे नाहीत. आता त्याच्या डाव्या कानामागे नखाएवढी डबी होती आणि मांडीवर शाल.

"ये रं देवा! किती वेळ? घाटावर जायचं म्हणून थांबलोय तुझ्यासाठी."

"पाणी गार असेल की आण्णा."

"गार म्हणे! तुला काय ऊन पाण्यात पोहायला शिकवलंय मी? भोपळा बांधून ढकलला होता का नाही पुलाखाली?"

"ढकललास. आणि भोपळा सुटला."

"सुटला नाही, मी सोडला. नाहीतर अजून भोपळा बांधूनच फिरला असतास."

दोघं हसायचे. देवेंद्रचं हसणं जरा वर गेलं की भूपाल ओठांवर बोट ठेवायचा. "हळू. आई आत झोपलीय."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि त्या अकरा वर्षांत, हे संध्याकाळचं सुरू होईपर्यंत, भूपाल आपल्या भावाशी एक शब्द बोलला नव्हता.

ते भांडण पद्मजाला रोजच्या भाकरीइतकं ओळखीचं होतं. सासूबाई नव्वदीला आल्या होत्या आणि मूत्रपिंडं थांबत आली होती. त्यांनी सल्लेखना घ्यायची ठरवली, अन्न सोडायचं, मग पाणी सोडायचं आणि नामस्मरणात शांतपणे जायचं. भूपालला ते मान्य नव्हतं. त्यानं दवाखान्यात खाट ठरवली, गाडी दारात आणून उभी केली. देवेंद्र आईच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, आण्णा, तिला नको आहे. भूपाल गाडीत बसून एकटाच निघून गेला आणि आई गेल्यावरच परतला. त्यानंतर देवेंद्रचं नाव या घरात निघालं नाही. सुप्रियाच्या, त्यांच्या मुलीच्या लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले होते.

मग गेल्या वर्षी भूपालला झटका आला. हातपाय वाचले, पण मेंदूत आठवणींची दारं उघडणारा जो भाग असतो तो कामातून गेला. पूर्वी अशा माणसाला घरचे लोक सांभाळत आणि तो हळूहळू सगळ्यांना परका होत जाई. पद्मजानं आपल्या मावशीला तसं जाताना पाहिलं होतं. आता डबी आली होती. माणसाला काही आठवावंसं वाटलं की मेंदूत एक बारीक हालचाल होते. डबी ती ओळखते, आपल्या साठ्यातून त्या आठवणीचा माग काढते आणि मेंदूला दार दाखवते. सहा महिने भूपाल जवळजवळ पहिल्यासारखा होता. मग संध्याकाळचा गोंधळ सुरू झाला.

डॉक्टर म्हणाले, उतारवयात दिवस कलला की होतं असं. पद्मजानं मान्य केलं. खरं म्हणजे तिला मान्य करायचंच होतं. एका संध्याकाळी तो आपणहून "देवाला बोलव" म्हणाला, तिनं लगेच फोन केला आणि देवेंद्र दहा मिनिटांत दारात उभा होता. सकाळी भूपालला त्यातलं काहीच आठवत नसे. दोघांनीही त्याला सांगितलं नाही.

*

फाल्गुनात एका सकाळी पद्मजा लोणच्यासाठी हळद काढत होती. भूपालनं डब्यातलं एक हळकुंड उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय गं? आलं वाळवलंय का?"

तिला वाटलं चेष्टा करतोय. या माणसानं नुसत्या वासावर माल राजापुरी की सेलमचा हे सांगितलं होतं. ती हसली. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हळद आहे," ती म्हणाली.

"असं होय," तो म्हणाला आणि हळकुंड परत डब्यात टाकलं.

नंतर ती त्याला एकेक गोष्ट विचारू लागली, सहज, भाजी निवडता निवडता. बरंच होतं. काही नव्हतं. जे नव्हतं ते अर्धवट नव्हतं, मुळातूनच नव्हतं, जागा सारवून टाकावी तसं. शेवटी धीर करून तिनं तिची स्वतःची गोष्ट विचारली. लग्नानंतर सात वर्षं ती पुण्यात नोकरीला होती आणि हा यार्ड सोडून जाणार नव्हता. दर शनिवारी दुपारचे सौदे आटपले की तो एसटीनं निघायचा आणि हळदीनं पिवळ्या झालेल्या शर्टानंच तिच्या खोलीवर यायचा. घरमालकीण म्हणायची, तुमचा नवरदेव अजून हळदीतच आहे वाटतं.

"अहो, शनिवारची एसटी आठवते?"

"कुठली एसटी?"

ती उठून आत गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

*

चैत्रात चतुर्दशीला भूपालनं उपवास करायचा हट्ट धरला. पूर्वी तो दर चतुर्दशीला करायचा. झटक्यानंतर डॉक्टरांनी बंद केला होता. "पाण्यावर राहतो एक दिवस, मरत नाही," तो म्हणाला आणि राहिला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे देवेंद्र आला. खुर्चीपाशी बसायला वाकला आणि भूपालनं मान वर केली.

"याला कुणी आत घेतलं?"

देवेंद्र तसाच अर्धा वाकलेला राहिला.

"पद्मा, मी विचारतोय. आईला उपाशी घालवून आता माझी वेळ कधी येते ते बघायला आलाय होय हा?"

"आण्णा..."

"आण्णा म्हणायचं नाही."

देवेंद्र बाहेर गेला. चपला घालताना त्याला उजवी-डावी कळेना. पद्मजा फाटकापर्यंत गेली. तो फक्त म्हणाला, "आज बरा आहे म्हणायचा तो."

दुसऱ्या दिवशी उपवास सुटला, जेवणं झाली आणि संध्याकाळी खुर्चीतून पुन्हा हाक आली, "देवा आला नाही गं अजून?"

पद्मजाचं उभं आयुष्य प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात गेलं होतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची तेव्हापासून ती हे काम करत आली होती. तिला एवढं कळत होतं की म्हातारपण चतुर्दशीची सुट्टी घेत नाही. आदल्या दिवशी एकच गोष्ट वेगळी होती. तो जेवला नव्हता.

तिनं पुण्याला डबी बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला. चार जणांनी तिला पाचव्याकडे पाठवलं. शेवटी निखत मुल्ला नावाची इंजिनियर बाई पडद्यावर आली. वयानं पंचेचाळिशीची, बोलायला तडक.

"पद्मजा मगदूम? म्हणजे त्या पद्मजा मगदूम? मॅडम, आमच्या डबीत कानाकडचे संदेश वाचणारा जो जुना भाग आहे, त्याच्या माथ्यावर तुमचं नाव आहे अजून."

पस्तीस वर्षांपूर्वी पद्मजानं तो श्रवणयंत्रांसाठी लिहिला होता. त्याच्याइतकं झटपट काम करणारं नंतर कुणी लिहिलं नाही म्हणून तो एका यंत्रातून दुसऱ्यात जात राहिला. लिहिणारीला कुणी विचारलं नव्हतं.

"मग मला तुमची बाजू दाखवा," ती म्हणाली. "माझी मला माहीत आहे."

दोन दिवस दोघींनी दुपारभर बसून पाहिलं. डबीत दोन कारभार होते. नवा साठा स्वतःला आवरत असे. नको ते टाकायचं, उरलेलं सरकवून एकत्र रचायचं, नव्या दिवसांना जागा करायची. कुठली आठवण कुठे गेली याची नोंद तो साठा स्वतः ठेवी. पद्मजाचा जुना भाग मात्र तसा नव्हता. त्याला नुसता पत्ता द्यायचा. तो थेट त्या जागेवर जायचा आणि तिथं जे असेल ते घ्यायचा. म्हणूनच तो जलद होता. त्याच्याबरोबरच्या सूचनेत तिनं स्पष्ट लिहिलं होतं, की काम संपेपर्यंत दिलेली वस्तू जागची हलवू नये.

"आम्ही हलवत नाही," निखत म्हणाली. "तुमच्या भागाकडून उत्तर येईपर्यंत धरून ठेवतो."

"ते उत्तर म्हणजे काम संपलं असं नव्हे. काम घेतलं, एवढंच. तो पुढे मागच्या मागे वाचत राहतो."

निखतनं आपल्या ओळी पुन्हा वर सरकवून पाहिल्या. "पण मग सगळ्यांनाच त्रास व्हायला हवा होता."

"तुमची आवराआवर कधी होते?"

"पहिले काही महिने लागत नाही, साठा रिकामा असतो. मग रोज, माणूस झोपला की. शेवटच्या जेवणाची साखर रक्तातून उतरली, ठोके मंदावले, अंग स्थिर झालं, की डबी समजते झोप लागली. तेव्हा कुणी काही आठवत नसतं."

"चाचणीतली माणसं जेवायची कधी?"

"नऊ, दहा. का?"

"आमच्याकडे सूर्य बुडायच्या आत जेवणं होतात," पद्मजा म्हणाली. "दिवे लागले की घास नाही. साडेसातला हे खुर्चीत शांत बसलेले असतात. तुमची डबी म्हणते, झोपले. आणि नेमके तेव्हाच हे भावाशी बोलत असतात. चतुर्दशीला जेवणच नव्हतं, म्हणून साखर उतरल्याची खूण तिला मिळाली नाही."

"या अल्ला," निखत पुटपुटली. "मॅडम, मग जेवण जरा उशिरा..."

"जन्मात दिव्यावर जेवले नाहीत ते. आणि त्यानं होणार काय? दुपारी जेवून डुलकीला टेकले आणि कुणी हाक मारली की तेच. आवराआवर कधीही होवो, माझं काम चालू असताना व्हायला नको."

उरलेलं दोघींनाही सांगावं लागलं नाही. आठवण काढली की ती परत ठेवताना थोडी नव्यानं लिहिली जाते. माणसाच्या मेंदूत तसं, डबीतही तसंच. भूपाल संध्याकाळी देवाला हाक मारायचा, जुना भाग जुन्याच पत्त्यावर जायचा, तिथं भांडणाऐवजी सरकून आलेला कृष्णेचा घाट सापडायचा. मग भावांचं हसून झाल्यावर तो भाग त्याच पत्त्यावर पुन्हा लिहायचा. तोवर तिथं तिसरंच काही येऊन बसलेलं असायचं. कधी हळद. कधी शनिवारची एसटी.

*

तिनं देवेंद्रला आधी सांगितलं, बाहेरच्या पायरीवर बसून. त्यानं सगळं ऐकलं. मग चष्मा काढून पुसत बसला.

"म्हणजे दुरुस्त केलं की तो चतुर्दशीचा आण्णा परत."

"हो."

"राहू दे की वैनी थोडे दिवस. किती राहिलेत आमचे? अकरा वर्षांनी 'देवा' म्हणाला तो मला."

"भाऊजी, तुम्हाला रोज संध्याकाळी जे मिळतं ते कुठून तरी जातं."

"कुठून?"

शनिवारची एसटी तिच्या ओठांवर आली होती. एवढ्या वर्षांत तिनं ती कुणाला सांगितली नव्हती, आता दिराला काय सांगणार? "माझ्यातून," ती म्हणाली.

देवेंद्रनं चष्मा डोळ्याला लावला. "मग कर दुरुस्त," तो म्हणाला. उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला. "मला आज आत येऊ दे तेवढं. शेवटचं."

तिला नाही म्हणायला हवं होतं. आज आणखी काय पुसलं जाईल ते ठाऊक नव्हतं. तिनं त्याला आत जाऊ दिलं आणि स्वयंपाकघरात बसून दोघांचं हसणं ऐकत राहिली.

*

सकाळी भूपालचं डोकं स्वच्छ असायचं. तिनं चहा दिला आणि समोर बसली.

"अहो, तुमच्या डबीबद्दल बोलायचंय. गोदाम समजा."

"समजलो."

"दिवाणजी हुशार आहे. सारखा पोती सरकवून जागा करतो. हमाल जुना आहे. त्याला थप्पी आणि पोतं सांगितलं की डोळे मिटून आणतो, विचारत नाही. दिवाणजीनं सांगितलं, हमाल 'हो' म्हणाला आणि निघाला. तो वाटेत आहे तोवर दिवाणजीनं थप्पी हलवली."

"मग दिवाणजी गाढव आहे."

"तो 'हो'चा अर्थ 'आणलं' असा घेतो."

"हमाल कुणाचा?"

"माझा."

भूपाल हसला. "तरीच. कुणाला न विचारता जातोय." मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे मी चुकीचा माल पुकारतोय."

"संध्याकाळी."

"कुणाशी बोलतो मी संध्याकाळी?"

तिनं सांगितलं. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. तिला वाटलं ओरडेल. तो खिडकीबाहेर बघत होता.

"हसतो मी? त्याच्याशी?"

"खूप."

"आता उपाय?"

दोन होते. एक, हमाल वाटेत असेपर्यंत पोतं जागच्या जागी खिळून ठेवायचं. पण भूपालसारखा बोलका माणूस संध्याकाळभर काही ना काही आठवतच राहणार. खिळलेल्या पोत्यांमुळे गोदाम आवरता येणार नाही आणि थोड्याच महिन्यांत नव्या दिवसांना जागा उरणार नाही. जुना भूपाल शाबूत राहील, पण आज कोण आलं, काय झालं, ते धरणार नाही. दुसरा उपाय, हमालाला गोदामात पाठवायचंच नाही. दिवाणजीनं मागितलेल्या मालाची नक्कल काढून दारात ठेवायची, हमालानं ती उचलायची, आणि परत ठेवायचं तेही दिवाणजीच्याच हातानं.

"यात खोट काय?"

"वेळ. प्रत्येक आठवणीला नक्कल. तुम्ही बोलायला लागाल तेव्हा शब्द उशिरा येतील. प्रत्येक वेळी. सौद्यातली जीभ राहणार नाही."

तो बराच वेळ गप्प होता. ती त्या गप्प बसण्याची सवय करून घेत होती.

"आणि जे गेलं ते?"

"गेलं ते येणार नाही."

"काय काय गेलं?"

"हळद," ती म्हणाली. "बाकी बारीकसारीक."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती खोटं बोलली की त्याला कळायचं, अजूनही कळत असावं. "उशिरा बोलेन," तो म्हणाला. "पण माझंच बोलेन. कर."

त्या रात्रीपासून दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळची डबी बंद ठेवायची असं निखतनं सुचवलं. भूपाल अंधार पडल्यावर भिंतीकडे बघत बसायचा आणि पद्मजा त्याचा हात धरून बसायची. दुपारी ती चष्मा सारखा करत जुन्या ओळींतून नवी वाट काढायची. बोटं दुखायची. निखत पलीकडून म्हणायची, मॅडम, उद्या करू, आणि पद्मजा म्हणायची, उद्याचं मला सांगू नका.

*

दुरुस्ती झाली त्या आठवड्यात देवेंद्र फिरकला नाही. तिनंच फोन केला. "त्यांना विचारलंय," ती म्हणाली. "नको म्हणाले नाहीत."

"हो म्हणाला का?"

"अजून काहीच म्हणाले नाहीत. या तुम्ही."

तो आला आणि उंबऱ्यातच थांबला. भूपालनं मान वर केली. दिवाणजी पोतं शोधतोय, पद्मजाला वाटलं, नक्कल काढतोय, दारात ठेवतोय. पूर्वी या जागी शिवी आली असती. शब्द आधी सुटायचे आणि राग त्यांच्या मागून धावायचा. आता राग येऊन उभा होता आणि शब्द यायचे होते. तेवढ्या वेळात भूपालनं भावाकडे नीट पाहिलं. त्याचे पांढरे केस, सैल पडलेली पँट, हातातलं हेल्मेट.

"आईला तू जाऊ दिलंस," तो म्हणाला.

"होय."

मध्ये बराच वेळ गेला. देवेंद्र जायला वळणार तोच भूपालचे ओठ हलले.

"मला... ते बघवत नव्हतं."

हे वाक्य पद्मजानं अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याला ते माहीत तरी होतं की नाही, कोण जाणे. लिलावाच्या वेगात त्याला कधी जागाच मिळाली नसेल.

देवेंद्र उंबऱ्यातच खाली बसला. "मलाही बघवत नव्हतं आण्णा," तो म्हणाला. "पण कुणीतरी हात धरून बसायला पाहिजे होतं."

तिघं बसून राहिले. समोरच्या घरात टीव्ही लागला, बंद झाला. देवेंद्र उठला, चपला घातल्या, हेल्मेट काखेत धरलं.

"उद्या येऊ का?"

दोघांनी वाट पाहिली. भूपाल समोर बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. देवेंद्र थोडा वेळ थांबला, मग मान हलवून फाटकाकडे चालू लागला. स्टँड वर गेल्याचा आवाज आला.

"ये," भूपाल म्हणाला. आणि पद्मजा उठून दारापर्यंत पोचते न पोचते तोच मागून उरलेलं आलं, "पण भांडायला ये."

ती पायऱ्या उतरली आणि अंधारात फाटकाशी जाऊन, स्कूटर निघायच्या आत, दिराच्या खांद्यावर हात ठेवून तिनं ते दोन्ही निरोप एकदम सांगितले.